गाडी बाळगणं वेगळं, पळवणं वेगळं

चौथा_गिअर (धागाकर्ता)

मागे इथे 'पुण्यात स्पोर्ट्स कार घ्यावी का' यावर बरीच हाणामारी झाली होती. तेव्हा गप्प बसलो होतो. आता गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी क्लच दाबायला बंदी घातलीय, वेळच वेळ आहे. तेव्हा लिहून टाकतो. लांबेल. ज्यांना फक्त 'किती पडतील' एवढंच हवंय त्यांनी हे सोडून खालचे प्रतिसाद वाचावेत.

माझं म्हणणं आधीच सांगतो. गाडी बाळगणं हा एक छंद आणि ती शर्यतीत पळवणं हा दुसरा. दोन्ही एकाच माणसाला असू शकतात, मला आहेत. पण एका गाडीवर दोन्ही भागत नाहीत. जिला फडक्यानं पुसून झाकून ठेवता ती तुम्ही वळणावर दुसऱ्याच्या दाराला घासणार नाही, आणि जिच्यावर असे ओरखडे पडलेत तिला झाकून ठेवायचं कारण नाही.

भोसरीला आमची शेड आहे, वडिलांच्या वेळची. दोन लेथ, एक मिलिंग मशीन, एक ग्राइंडर. पिंपरी-चिंचवडच्या मोठ्या कारखान्यांचं जॉबवर्क चालायचं. पुण्यात गाड्यांचा नाद ज्यांना लागला त्यातले निम्मे असेच शेडवाले. श्रीमंत घरची पोरं होती, नाही असं नाही, पण शनिवारी संध्याकाळी कामगार गेल्यावर लेथ मोकळा मिळणं हे पैशापेक्षा मोठं भांडवल होतं. बाजारात शर्यतीचं सामान मिळतच नव्हतं, जे लागेल ते स्वतः कातायचं.

पहिली गाडी फियाट. टिळक रोडवरच्या एका डॉक्टरांनी वापरलेली ११०० डिलाइट, १०८९ सीसी, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या दांड्यावर. चारी चाकांना ड्रम ब्रेक. तेव्हा देशात घ्यायला होत्या फियाट, अँबॅसिडर आणि स्टँडर्ड, संपली यादी. स्पोर्ट्स कार म्हणजे संस्थानिकांच्या गॅरेजमधली किंवा वकिलातीतल्या साहेबानं जाताना विकलेली.

शर्यती व्हायच्या मद्रासजवळ शोलावरमला. दुसऱ्या महायुद्धातली विमानांची धावपट्टी, 'टी' अक्षराच्या आकाराची, त्यावर मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब ट्रॅक आखायचा. हा क्लब १९५३ सालचा. सरळ रस्ता लांबलचक, मग एकदम वळण. म्हणजे इंजिनाचा आणि ब्रेकचा दोघांचाही घाम निघणार. पहिल्यांदा नुसता बघायला गेलो होतो. गोंडलच्या महाराजांच्या गाड्यांच्या गोष्टी सांगणारी म्हातारी माणसं तिथे होती, आणि शेजारीच कोइमतूरची पोरं जमिनीवर ताडपत्री पसरून गिअरबॉक्स उघडून बसली होती. त्या ताडपत्रीवाल्यांकडे बघून मी ठरवलं.

फियाटचं काय काय केलं ते सांगतो, कारण हाच भाग मला सगळ्यात आवडतो. सिलिंडर हेडचं फेसिंग करून, म्हणजे तळ थोडा कातून, कॉम्प्रेशन वाढवलं. पोर्टचा, म्हणजे हवा-पेट्रोल आत जायच्या वाटेचा, ओबडधोबडपणा हँड ग्राइंडरनं घासून आरशासारखा केला. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या टोकाचं जड चाक, लेथवर चढवून कडेचा माल उतरवला. कडेचाच का, तर मधल्या मालापेक्षा कडेचं वजन इंजिनाला फिरवायला जड पडतं. किती उतरवायचं हे कोणी सांगायला नव्हतं. जास्त उतरलं तर फ्लायव्हील हजारो आरपीएमला फुटतं आणि त्याचे तुकडे क्लचच्या घरातून थेट ड्रायव्हरच्या पायाकडे येतात, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

टायरांचीही तीच कथा. शर्यतीचे टायर मिळत नसत. मग भवानी पेठेतल्या रिमोल्डवाल्याकडे नवा कोरा टायर न्यायचा आणि त्याला सांगायचं, बफिंग मशीनवर लाव आणि नक्षी निम्मी घासून दे. तो आमच्याकडे बघायचा तशी नजर मी पुन्हा फक्त लग्नात सासऱ्यांची पाहिली. पण त्यामागे गणित होतं. नक्षीचे ठोकळे उंच असले की वळणावर रबर आडवं डुलतं, तापतं, आणि तुकडे उडायला लागतात. बुटके ठोकळे घट्ट धरतात.

पण खरा वैरी ब्रेक. तिसऱ्या-चौथ्या फेरीला पेडल खाली-खाली जायला लागायचं. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे आतून घासणाऱ्या लायनिंगपासून लांब जातो, आणि लायनिंगचा चावाही कमी होतो. दोन्ही संकटं एकदमच. उपाय म्हणून मागच्या प्लेटला भोकं पाडायची, त्यावर बारीक जाळी, आणि पुढून पत्र्याच्या नळीतून वारा सोडायचा. तरीही फार फरक पडत नसे. शेवटी ब्रेक कमी वापरायचा, म्हणजे वळणाआधी गिअर पाडून वेग उतरवायचा आणि वळणातून वेग न घालवता निघायचं, हे शिकणं भाग पडलं. आज १२० हॉर्सपॉवरच्या गाडीत बसून पोरं जे पैसे भरून शिकतात ते फियाटनं आम्हाला फुकट शिकवलं.

नंतर जिप्सी. १९८५ ला मारुतीनं आणली आणि रॅलीतल्या बाकीच्या गाड्या दोनेक वर्षांत जुन्या वाटायला लागल्या. चारी चाकांना पाट्यांच्या स्प्रिंगा, ९७० सीसीचं इंजिन, ताकद बेताची. पण दगडावर आपटा, ओढ्यात घाला, ती परत येते. नाशिकच्या बाजूला डोंगरातल्या मातीच्या रस्त्यांवर ती चालवण्यात जी मजा होती ती डांबरावर मला कधीच आली नाही.

मग मारुतीचीच एस्टीम. १९९० ला श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईचा पक्का ट्रॅक झाला, ३.७ किलोमीटरचा, आणि शोलावरम मागे पडलं. एस्टीमचं इंजिन १३०० सीसी, वजन नऊशे किलोच्या आत, सुटे भाग गल्लीबोळात. सीट, कार्पेट, दारांची आतली पॅड सगळं काढून टाकलं, रोल केज बसवला, म्हणजे गाडी उलटली तरी माणूस वाचावा म्हणून आतून लोखंडी सांगाडा. ही गाडी आजही माझ्याकडे आहे. दिसायला भंगार. आमच्या सोसायटीच्या चेअरमननी ती 'बेवारस वाहन' म्हणून लिहून घेतली होती.

आणि मधल्या काळात, धंदा बरा चालला असताना, खरीखुरी स्पोर्ट्स कार घेतली. सेकंड हँड पोर्श बॉक्सस्टर. सहा सिलिंडरचं इंजिन सीटच्या मागे आणि मागच्या आसाच्या पुढे, म्हणजे वजन बरोबर मध्यात. स्टिअरिंग फिरवलं की गाडीचं नाक वळत नाही, सगळी गाडी एकदम वळते. अशी गाडी चालवलेली नसेल तर कोणाच्या तरी शेजारी एकदा बसून घ्या.

पण ती मी ट्रॅकवर कधी नेली नाही. विमा शर्यतीला लागू होत नाही, पुढच्या बंपरच्या किमतीत एस्टीमचं सबंध इंजिन येतं, आणि माझ्यातला भोसरीवाला जागा होता. मग ती कुठे चालवायची? रविवारी पहाटे लोणावळ्याला नाश्ता. परत येताना कामशेतला ट्रॅफिक. सिंहगड रोडचे स्पीडब्रेकर तिरकी करून, एकेक चाक चढवत पार करायचे, मागून रिक्षावाला हॉर्न देतोय. चार-पाच वर्षं बाळगली आणि विकली. ज्यानं घेतली तो रोज सकाळी पुसतो, त्याचं बरं चाललंय.

विचारा काय विचारायचं ते.

निखिल_बावधन

काका, कडक! एका दमात वाचलं. फ्लायव्हीलचा भाग वाचताना पाय आपोआप वर घेतले.

माझ्याकडे पोलो जीटी टीएसआय आहे. चाकणचीच, २०२२ ला बंद व्हायच्या आधी घेतलेली. तीस वय, आयटी, ईएमआय संपलाय. ट्रॅकवर जायचंय. स्टेज वन रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणं) करून घेऊ का आधी? मित्र म्हणतात त्याशिवाय मजा नाही. आणि सुरुवात कुठून करू?

टॅपेट

निखिलभाऊ, रिमॅपच्या पैशात ब्रेकचं काम करा. रस्त्यावरच्या गाडीत ब्रेक ऑइल दोन-दोन वर्षं कोणी बदलत नाही. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ दर्जाचं ताजं ब्रेक ऑइल २३० अंशाच्या वर उकळतं, पण पाणी मुरलं की मानकाची हमी १५५ पर्यंतच उरते. ट्रॅकवर ब्रेकचे पॅड दाबणारे कॅलिपर सहज तेवढे तापतात. ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल थेट फ्लोअरला लागतं. त्या वेळी रिमॅप कामाला येत नाही.

काका, लेख झकास. ड्रमच्या प्लेटला भोकं आम्ही पण पाडायचो, जाळी लावायला विसरायचो. मग खडी आत जायची आणि रस्ताभर संगीत.

मंजिरी_प

लेखन ओघवतं आहे, त्याबद्दल अभिनंदन. पण मला एक प्रश्न पडला आणि तो कटू आहे. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला काय झालं ते या शहरात राहणारा कोणी विसरलेला नाही. दोन तरुण इंजिनिअर बाइकवरून घरी चालले होते आणि पोर्शेनं त्यांना उडवलं. मी त्याच भागात राहते. रात्री साडेबारानंतर आजही तिथून तशाच गाड्या तशाच आवाजात जातात. अशा वेळी 'वेगाचा छंद' हे कौतुकानं वाचणं मला जमत नाही. तुमच्यासारखे अनुभवी लोक या पोरांना काही सांगतात का, की फक्त ब्रेक ऑइल कोणतं घ्यायचं ते?

पेठेतला_पांडू

पैसेवाल्यांचे चोचले. आम्हाला पीएमटीत उभं राहायला जागा नाही. चालू द्या.

चौथा_गिअर

@मंजिरी_प, ताई, प्रश्न कटू नाही, रास्त आहे. टाळत नाही.

कायदा सांगतो आधी. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा वर्षभर आणि १०,००० पर्यंत. ज्याची गाडी कोटीची आहे त्याला ५००० म्हणजे टाकीभर पेट्रोल. तेव्हा कायद्यानं हे थांबेल असं मला वाटत नाही.

आता माझा अनुभव. ट्रॅकवर गेलेला माणूस रस्त्यावर हळू होतो असं सरसकट म्हणणार नाही, काही गाढवं दोन्हीकडे गाढवंच राहतात. पण ट्रॅकवर एक हिशोब अंगात मुरतो. ताशी १०० ला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. वेग दुप्पट केला की थांबायचं अंतर चौपट होतं. ६० ला कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून १८ मीटरच्या आसपास, तर १२० ला ७० च्या वर. आणि यात ब्रेकवर पाय जायला लागणारा वेळ धरलेलाच नाही. हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण सरळ रस्त्याच्या शेवटी १०० मीटरची पाटी दिसतेय आणि तुम्ही ८० मीटरवर ब्रेक मारलात आणि गाडी मातीत जाऊन उभी राहिली, की ते पुस्तकातलं राहत नाही. तिथे तुम्हाला बाहेर पळायला मोकळी जागा असते, मार्शल झेंडा घेऊन उभा असतो, अँब्युलन्स चालू इंजिनावर असते. कल्याणीनगरच्या रस्त्यावर यातलं काही नाही, आणि समोर ज्याचा या खेळाशी संबंध नाही असा माणूस असतो.

म्हणून कोणी पोरगा भोसरीला येऊन मला 'काका, एक्सप्रेसवेवर दोनशे लावले' असं सांगतो तेव्हा मी त्याला चहासुद्धा देत नाही. एक्सप्रेसवेच्या सपाटीवर १०० ची मर्यादा आहे आणि तिथे कॅमेरे आहेत हा मुद्दा नंतरचा. सरळ रस्त्यावर पाय दाबून ठेवायला कौशल्य लागत नाही, हा पहिला.

@पेठेतला_पांडू, पीएमटीची पीएमपीएमएल होऊन २००७ पासून किती काळ झाला, तुम्ही अजून जुन्याच बसची वाट बघताय का?

कोल्हापुरी_रस्सा

नाद खुळा लेख काका!! पण एक सांगू का, पुण्यात एवढे कारखाने, आणि शहरात मोठा ट्रॅक नाही. आमच्या कोल्हापुरात मोहित्यांचा कार्टिंग ट्रॅक बघा. आमचा कृष्णराज महाडिक त्या इंग्लंडात जाऊन ब्रिटिश फॉर्म्युला थ्री पळवून आला. ध्रुव मोहितेनं फोक्सवॅगनच्या शर्यती गाजवल्या. पुण्यानं काय केलं? नुसत्या पाट्या लावल्या.

खडकवासला_कट्टा

@कोल्हापुरी_रस्सा पुण्याचे संजय टकले आशिया-पॅसिफिक रॅलीपर्यंत गेले, ते विसरू नका. बालेवाडीला जानेवारी २०२४ मध्ये सुपरक्रॉस लीगची (मोटरसायकलींच्या शर्यतींची) पहिली फेरी झाली, मी लेकाला घेऊन गेलो होतो, दोन दिवस कानात आवाज होता.

ट्रॅक नाही असंही नाही. भोसरीला सीआयआरटी आहे, वेताळ टेकडीवर एआरएआय, तिकडे नगरला संरक्षण खात्याची व्हीआरडीई, शिवाय कंपन्यांचे स्वतःचे टेस्ट ट्रॅक. सगळं चाचणीसाठी. आपल्यासारख्यांना कुंपणाबाहेरून बघायचं. म्हणून मग अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग (सरळ रेषेतली शर्यत) भरतं तेव्हा सगळं पुणं तिकडे लोटतं.

आणि खरं सांगायचं तर पुणे जिल्ह्यात शर्यतीचं वेड गाडीवाल्यांच्या आधी बैलगाडावाल्यांना. २०१४ ला बंदी आली, २०२१ च्या डिसेंबरात उठली, तेव्हा आमच्याकडे मावळात जो गुलाल उधळला तेवढा नोएडाच्या बुद्ध सर्किटला फॉर्म्युला वनमध्ये व्हेटेल जिंकला तेव्हा पण कोणी उधळला नसेल.

टॅपेट

बुद्ध सर्किटचं नाव काढू नका. २०११, १२, १३ अशा तीन शर्यती, तिन्ही व्हेटेलच्या, आणि मग कराच्या भांडणात फॉर्म्युला वन बंद. सव्वापाच किलोमीटरला थोडासाच कमी असा जगात नाव घेतलेला ट्रॅक, आणि आपण टीव्हीवर बघत बसलो.

वसुधा_ग

माझी सगळी उमेद जिप्सीच्या परिच्छेदावर होती आणि काकांनी तो चार ओळीत उरकला. निषेध!

मी भावाची नॅव्हिगेटर होते, म्हणजे रॅलीत शेजारी बसून रस्ता सांगणारी. लग्नाआधी आणि, सासरच्यांनी काही म्हणायच्या आत, लग्नानंतर पण. निखिल, तुला सुरुवात कुठून करू असं वाटतंय ना, तर टीएसडी रॅलीपासून कर. टाइम, स्पीड, डिस्टन्स. तुझी गाडी जशी आहे तशी चालते, रोल केज नको, वेगमर्यादा पाळायची असते, आणि तरी घाम फुटतो.

कसं असतं सांगते. हातात रोड बुक देतात. त्यात रस्त्याचं नाव नसतं, फक्त अंतर आणि बाणाची चित्रं. '२.४० किलोमीटरला डावीकडे, मंदिर उजवीकडे ठेवून.' आणि वर लिहिलेलं असतं की या टप्प्यात सरासरी ताशी ३६ किलोमीटरनं जायचं. ३६ सोपं, सेकंदाला बरोबर १० मीटर. म्हणजे ७.२ किलोमीटरला १२ मिनिटं. पण वाटेत म्हशी आल्या, फाटक लागलं, की ते भरून काढायचं, आणि कुठे तरी झाडामागे मार्शल घड्याळ घेऊन बसलेला असतो. तो कुठे आहे ते माहीत नसतं. उशीर झाला तर दंड, लवकर पोचलात तर बहुतेक ठिकाणी त्याहून जास्त दंड. मग सरासरी मधेच ३६ ची ४२ होते आणि तुम्ही मांडीवर कॅल्क्युलेटर घेऊन, गाडी खड्ड्यातून उडत असताना, दशांश चिन्ह शोधत बसता.

आमच्याकडे एक जुनं हाल्डा होतं, अंतर मोजायचं यंत्र, चाकाच्या केबलवर चालणारं. आधी ठरलेल्या अंतरावर जाऊन ते जुळवून घ्यायचं, कारण टायरची हवा कमी-जास्त झाली तरी आकडा सरकतो. भावाला ड्रायव्हिंगचं कौतुक मिळायचं आणि रस्ता चुकला की शिव्या मला. पण नाशिकच्या बाजूला भल्या पहाटे धुक्यात '३०० मीटरवर उजवं, आवळत जाणारं' असं मी म्हणायची आणि तो न बघता गाडी टाकायचा. एवढा विश्वास त्यानं पुढे वाटणीच्या कागदांवरही ठेवला नाही.

चौथा_गिअर

@वसुधा_ग ताई, निषेध मान्य. जिप्सीवर वेगळा धागा काढतो, त्यात तुम्ही नॅव्हिगेटरची बाजू लिहा. ड्रायव्हर लोकांना तुमच्या मांडीवर काय चाललेलं असतं ते कधीच कळत नाही.

@निखिल, आता तुझं. टॅपेटशी सहमत. रिमॅप नको. एक तर २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की कंपनीच्या मूळ रचनेत बदल केलेली गाडी रस्त्यावर चालत नाही. दुसरं म्हणजे, ११० हॉर्सपॉवर तुला आधी पुरून उरतील. मी सांगतो त्या क्रमानं जा.

आधी कार्टिंग. पुण्यात दोन-तीन ठिकाणी भाड्यानं मिळतं. कार्टला सस्पेन्शन नसतं, त्यामुळे वळणावर वजन कुठून कुठे जातं ते थेट पार्श्वभागाला कळतं. मग वसुधाताई म्हणतात ती टीएसडी. त्यानंतर कोणत्या तरी ट्रॅक डेला, म्हणजे ट्रॅक सगळ्यांना खुला असतो त्या दिवशी, स्वतःच्या गाडीनं. जाण्याआधी डॉट ४ नवं, पुढचे पॅड नवे, चाकांचे नट टॉर्क रेंचनं तपासून, डिकीतलं सगळं बाहेर. स्टेपनी, जॅक, आईनं ठेवलेली पाण्याची बाटली, सगळं. सुटी बाटली वळणावर ब्रेक पेडलखाली गेली तर काय होईल याचा विचार कर.

टायरची हवा. सकाळी गार असताना भरतोस ती आणि चार फेऱ्यांनंतरची वेगळी. दर १० अंश तापमान वाढलं की साधारण दीड पीएसआय वाढते. म्हणून थोडी कमी भरून जायचं आणि गाडी आत आली की लगेच, गार व्हायच्या आत, मोजायची. चारी चाकांची वेगवेगळी लिहून ठेव. ज्या बाजूची जास्त वाढली त्या बाजूच्या टायरला जास्त काम पडलंय. मग टायरच्या खांद्याकडे बघ. बाहेरच्या कडेवर रबर सोललेलं, घडी पडल्यासारखं दिसलं तर हवा कमी आहे किंवा तू वळणात फार वेगानं घुसतोयस. बहुतेक वेळा दुसरंच असतं.

शर्यत करायची तर एफएमएससीआयचं, म्हणजे देशातल्या मोटर स्पोर्ट्स क्लबांच्या महासंघाचं, लायसन्स लागतं, अग्निरोधक ओव्हरऑल आणि मान्यताप्राप्त हेल्मेट लागतं. स्वतःची गाडी बनवण्यापेक्षा एखाद्या वन-मेक मालिकेत, जिथे गाडी त्यांची आणि तू फक्त बसायचं, तिथे पैसे लाव. फोक्सवॅगननं २०१० मध्ये पोलो कप सुरू केला तो असाच होता. सगळ्या गाड्या सारख्या, म्हणून मागे पडलास तर दोष द्यायला गाडी उरत नाही. फार लोकांना हे झेपत नाही. एक हंगाम करतात आणि स्वतःची गाडी बनवायला जातात, कारण तिच्यावर ढकलता येतं.

विम्याचं लक्षात ठेव. पॉलिसीच्या कागदात शर्यत, वेगचाचणी, विश्वासार्हता चाचणी या सगळ्यांना बारीक अक्षरात नकार असतो. ट्रॅकवर ठोकलीस तर खर्च तुझा. पोलो जपायची असेल तर ती घरी ठेव आणि शर्यतीला दुसरी बघ. मूळ लेखात हेच म्हणत होतो.

निखिल_बावधन

बापरे. प्रिंट काढून ठेवतो. काका, दुसरी गाडी म्हणजे जुनी एस्टीम? मिळतात अजून? आणि ई२० (वीस टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलचं काय, जुन्या गाड्यांची वाट लागतेय म्हणतात.

टॅपेट

ई२० वर लोक दोन टोकाला बोलतात. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा एक तृतीयांश कमी, म्हणून मायलेज थोडं पडणारच. जुन्या कार्बोरेटरवाल्या गाड्यांत खरी अडचण रबराची. पाइप, डायफ्रॅम, ओ-रिंग फुगतात, मऊ पडतात. पेट्रोल गळलं तर त्याच्या खालीच एक्झॉस्ट असतो हे डोक्यात ठेवा. मी सगळे पाइप इथेनॉल चालणारे टाकून घेतले, कार्बोरेटरचं किट बदललं, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवतो. रिकाम्या टाकीत हवेतलं पाणी जमतं. शर्यतीच्या दिवशी १०० ऑक्टेन भरतो. इंडियन ऑइलनं डिसेंबर २०२० मध्ये ते आणलं तेव्हा पहिल्या काही शहरांत पुणं होतं. पण साध्या कॉम्प्रेशनच्या इंजिनाला त्यानं ताकद वाढत नाही. ऑक्टेन म्हणजे नॉकिंग (दाबानं पेट्रोल आपोआप पेटून ठोके बसणं) सहन करायची क्षमता. हेडचं फेसिंग केलंय त्यालाच त्याचा उपयोग.

मंजिरी_प

@चौथा_गिअर, उत्तराबद्दल धन्यवाद. चहा न देण्याचा मुद्दा आवडला. तरी माझं मत पूर्ण बदललेलं नाही. मोठे ट्रॅक चेन्नईला, कोइमतूरला, नोएडाला. पुण्यातला पोरगा तिथे वर्षातून कितीदा जाणार? उरलेले दिवस गाडी इथेच, आमच्या रस्त्यावर.

चौथा_गिअर

ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. खरं आहे. जवळ तसा मोठा ट्रॅक असता तर थोडा फरक पडला असता, पण जमिनीचे भाव बघता हिंजवडी-चाकणात कोण ट्रॅक बांधणार? तिथे टॉवरच होणार.

कोल्हापुरी_रस्सा

म्हणूनच म्हणतोय, या कोल्हापूरला. येताना काका, एस्टीम कशी आणता? शर्यतीची गाडी रस्त्यावर चालवत नेता काय?

चौथा_गिअर

नाही हो. केजवाली, सीट काढलेली गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्याच नाक्यावर गाडी आणि मी दोघंही जमा. ट्रेलरवर किंवा कार कॅरिअरवर टाकायची. पुण्याहून चेन्नई १२०० किलोमीटरच्या आसपास, बंगळुरूवरून. दोन दिवस धरायचे. कॅरिअरवाल्याला आधीच सांगायचं की गाडी आतल्या बाजूला, खालच्या मजल्यावर घे, पट्टे चाकांना बांध, सस्पेन्शनला नको. एका कॅरिअरवाल्यानं पुढच्या लोअर आर्मला साखळी आवळली होती. चेन्नईला उतरवली तर अलाइनमेंट गेलेलं, सराव बुडाला. तेव्हापासून पट्टे मी स्वतः बांधतो. सोबत स्पेअर: दोन फॅन बेल्ट, क्लच केबल, हेड गॅस्केट, रेडिएटरचे होज, आणि तार. तार सगळ्यात जास्त लागते.

@निखिल, एस्टीम मिळतात, पण १५ वर्षांवरच्या असल्यानं फेरनोंदणी झालीय का ते बघ. फक्त ट्रॅकसाठी हवी असेल तर इंजिन बरं आणि खालचा पत्रा सडलेला नाही एवढं बघ. रंगाकडे बघू नकोस. सातारा-सांगलीच्या बाजूला चांगल्या निघतात, समुद्राची हवा लागलेली नसते. मुंबईची घेऊ नकोस, दारांच्या खालच्या पट्ट्या हातात येतात.

निखिल_बावधन

साताऱ्यात मामा आहे. विचारतो. रविवारी भोसरीला आलो तर गाडी बघायला मिळेल का? दोनशे लावलेले नाहीत, शपथ.

चौथा_गिअर

ये. अकरानंतर ये, त्याआधी फिजिओवाला असतो. शेडचा पत्ता व्यनित (खाजगी निरोपात) टाकतो. आणि येताना तुझ्या पोलोचं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते बिल घेऊन ये.

पेठेतला_पांडू

मी पण येऊ का? बसनं.